अंतर वाढलं की क्षेत्र किती घटतं: मोबाइलने मोजण्याआधी दोन शून्यं पक्की करा

दिवाळीनंतर प्रकल्पांचे दिवस आले की अकरावी-बारावीची पोरं वह्या घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या वर्षी एका मुलीने मोठ्या आनंदाने पान उघडून दाखवलं. चुंबक मोबाइलपासून 6 सेंटिमीटरवर असताना चुंबकीय क्षेत्र 75 मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक), 12 सेंटिमीटरवर 18.3. "सर, अंतर दुप्पट केलं तर क्षेत्र चौपट कमी झालं. व्यस्त वर्गाचा नियम सिद्ध झाला ना!" खाली शिक्षकांची लाल सही होती आणि पैकीच्या पैकी गुण.

रीडिंग खरी होती, तिने ती प्रामाणिकपणे घेतली होती. निष्कर्ष मात्र चूक होता. छोट्या चुंबकाचं क्षेत्र व्यस्त वर्गाने घटत नाही, व्यस्त घनाने घटतं. अंतर दुप्पट झालं तर ते आठ पट कमी व्हायला हवं. मग चौपट कुठून आलं? तिने अंतर मोबाइलच्या कडेपासून मोजलं होतं आणि तिच्या मोबाइलमधला चुंबकीय सेन्सर कडेपासून 4 सेंटिमीटर आत होता. म्हणजे खरी अंतरं 10 आणि 16. अंतर दुप्पट झालंच नव्हतं, फक्त 1.6 पट झालं होतं. 1.6 चा घन काढा: 4.1. तिच्या आकड्यांतून व्यस्त घनाचाच नियम निघत होता, पण पट्टीचा शून्य चुकीच्या जागी असल्यामुळे तो व्यस्त वर्गासारखा दिसला.

मला या चुकीची काळजी वाटते ती एवढ्यासाठीच की ती पुस्तकातल्या ओळखीच्या उत्तराशी जुळते. उत्तर विचित्र आलं असतं तर पोरीने पुन्हा मोजलं असतं.

नागपूरकराला हे समजावायला झिरो माइल, म्हणजे जिथून अंतरं मोजत तो खांब, पुरेसा आहे. कामठी किती लांब, हा प्रश्न विचारला की आधी विचारावं लागतं, कुठून? त्या खांबाजवळच्या चार घोड्यांपासून, की तुमच्या घराच्या फाटकापासून? कामठी आहे तिथेच राहते, आकडा बदलतो. या प्रयोगात असे दोन शून्य आहेत: एक अंतराचा, दुसरा क्षेत्राचा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. टप्पा 3 सोडून थेट रीडिंग घ्यायला बसलात तर सगळी दुपार वाया जाईल.

टप्पा 1: कुठला नियम अपेक्षित आहे ते आधी लिहून काढा

"क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं" हे वाक्य सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की प्रत्येक गोष्टीला तेच लावलं जातं. क्षेत्र कशामुळे तयार झालं आहे, त्यावर घट ठरते.

एकटा, बिंदूसारखा विद्युत प्रभार: क्षेत्र अंतराच्या वर्गाने घटतं.

लांब, सरळ, एकच तार आणि तिच्यातून वाहणारा प्रवाह: क्षेत्र फक्त अंतराच्या पटीत घटतं. दुप्पट अंतर, निम्मं क्षेत्र.

जाणारी आणि येणारी तार जवळजवळ: दोघींचं क्षेत्र एकमेकींना बरंचसं खोडतं, त्यामुळे जरा दूर गेल्यावर घट वर्गाने होते.

छोटा चुंबक, वेटोळं, ट्रान्सफॉर्मर: उत्तर आणि दक्षिण ध्रुव एकमेकांना खोडतात, म्हणून दूरवर घट घनाने होते.

मोठा सपाट प्रभारित पृष्ठभाग: त्याच्या अगदी जवळ क्षेत्र जवळपास घटतच नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. खोडणारा जोडीदार जितका जवळ, तितकी घट झपाट्याने. चुंबकाचा एकटा ध्रुव मिळत नाही, त्यामुळे चुंबकाकडून साध्या व्यस्त वर्गाची अपेक्षाच ठेवू नका.

टप्पा 2: सामान आणि जागा

मोबाइलमध्ये चुंबकीय सेन्सर आहे का ते आधी पाहा. स्वस्तातल्या बऱ्याच मोबाइलमध्ये तो नसतो. फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप घ्या, त्यात मॅग्नेटोमीटर उघडा. x, y, z असे तीन वेगळे आकडे दिसले पाहिजेत. नुसता एकच एकूण आकडा दाखवणारं 'मेटल डिटेक्टर' छापाचं अ‍ॅप या कामाचं नाही. का ते टप्पा 4 मध्ये येईल.

चुंबक म्हणून निओडिमियमची साधी चकती घ्या: 10 मिलिमीटर व्यास, 5 मिलिमीटर जाडी. शाळेच्या प्रयोगशाळेतला लांब पट्टीचुंबक नको. चुंबकाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या निदान पाचपट अंतरावर गेल्याशिवाय घनाचा नियम नीट दिसत नाही, आणि साडेसात सेंटिमीटरच्या पट्टीला त्यासाठी 35-40 सेंटिमीटर दूर जावं लागतं. जुन्या हार्डडिस्कमधून काढलेला चुंबकही नको, त्याच्या एकाच तोंडावर अर्धा भाग उत्तर आणि अर्धा दक्षिण असतो. पर्सच्या बटणातला किंवा कपाटाच्या दाराचा चुंबक लोखंडी टोपीत बसवलेला असतो, तोही टाळा. फ्रिजवर चिकटवायची रबरी चित्रं तर अजिबात नकोत, त्यात उत्तर-दक्षिण पट्टे आलटून पालटून असतात.

बाकी सामान: दोन-तीन शिवणकामाच्या सुया, 30 सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी, आलेखकागद, सेलोटेप, मोठं खोडरबर.

जागा निवडताना नागपूरच्या घरात हमखास होणाऱ्या चुका सांगतो. डायनिंग टेबलाचे पाय लोखंडी असतात. लाकडी पाट किंवा चौरंग चांगला दिसतो, पण त्याला खालून खिळे ठोकलेले असतात. फ्लॅटच्या स्लॅबमध्ये सळया असतात, म्हणून जमिनीवर बसून करू नका. खिडकीच्या लोखंडी जाळीपासून आणि लोखंडी कपाटापासून दोन मीटर दूर राहा. उन्हाळ्यात कूलर: त्याचा पत्रा आणि मोटर दोन्ही त्रास देतात, लांब सरका. मला सगळ्यात बरं वाटलेलं साधन म्हणजे पूर्ण प्लास्टिकचं स्टूल, त्यावर जाड पुठ्ठा.

तपासा: मोबाइल एकाच दिशेला तोंड ठेवून स्टुलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू सरकवा. तिन्ही आकडे एक-दोन मायक्रोटेस्लापेक्षा जास्त हलले तर खाली किंवा आसपास लोखंड आहे. जागा बदला.

सावधान: निओडिमियमचे चुंबक लहान मुलांच्या हाती देऊ नका. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून जीवावर बेततं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांच्यापासून लांब ठेवा. मोबाइललाही ते चिकटवू नका, 7-8 सेंटिमीटरच्या आत आणूच नका.

टप्पा 3: सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधा (अंतराचा शून्य)

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि त्या मुलीची चूक इथलीच. सेन्सर मोबाइलच्या मधोमध नसतो. बहुधा वरच्या भागात, एका बाजूला सरकलेला असतो, आणि प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळ्या जागी.

1. मोबाइलचं कव्हर काढा. झडपवाल्या कव्हरात चुंबक असतो. मोबाइल आलेखकागदावर ठेवा आणि पेन्सिलीने त्याची बाह्यरेषा काढा. यापुढे मोबाइल त्या रेषेतून हलता कामा नये.

2. सुयांवर चुंबक एकाच दिशेने वीसेक वेळा घासून त्या चुंबकित करा. टोकं एका बाजूला ठेवून सेलोटेपने एकत्र बांधा. चकती मात्र उचलून दुसऱ्या खोलीत ठेवून या. ती टेबलावर पडून राहते आणि मग आकडे का जुळत नाहीत हे कळत नाही.

3. x म्हणजे मोबाइलच्या रुंदीची दिशा, y म्हणजे लांबीची. सुया दूर असताना x चा आकडा लिहून ठेवा. आता सुयांची जुडी मोबाइलच्या लांब कडेला समांतर ठेवा आणि कडेलगत वरून खाली हळू सरकवा. x आधी एका बाजूला झुकेल, मग मूळ आकड्यावर येईल आणि पुढे दुसऱ्या बाजूला झुकेल. जिथे तो मूळ आकड्यावर येतो, तिथे सुयांचा मध्य सेन्सरच्या बरोबर समोर आहे. कागदावर खूण करा.

4. जुडी उलटी फिरवून हेच पुन्हा करा. दोन खुणा थोड्या वेगळ्या येतील, कारण सुईची दोन्ही टोकं सारखी चुंबकित होत नाहीत. त्यांचा मध्य घ्या.

5. आता जुडी वरच्या आखूड कडेला समांतर ठेवून डावीकडून उजवीकडे सरकवा. या वेळी y पाहा. तोही असाच मूळ आकड्यावर येऊन उलटेल. तिथे दुसरी खूण.

6. दोन्ही खुणांतून कडेला काटकोनात रेषा ओढा. मोबाइलच्या जागी त्या जिथे छेदतात, तो तुमचा झिरो माइल. सगळी अंतरं तिथून, चुंबकाच्या मध्यापर्यंत. चुंबकाच्या तोंडापर्यंत नाही.

एवढी काटेकोरी कशाला, असं वाटत असेल तर हे पाहा. 10 सेंटिमीटर अंतरात एका सेंटिमीटरची चूक झाली तर 1.1 चा घन, म्हणजे क्षेत्रात 33 टक्क्यांची चूक. 5 सेंटिमीटर अंतरात तीच एक सेंटिमीटरची चूक 73 टक्क्यांवर जाते. अंतराची चूक घनाने वाढते, म्हणून सेन्सर 2-3 मिलिमीटरपर्यंत तरी पक्का ठरलाच पाहिजे.

टप्पा 4: दिशा लावा (क्षेत्राचा शून्य)

तुमचा चुंबक दूर असला तरी मोबाइल शून्य दाखवत नाही. पृथ्वीचं क्षेत्र तिथे असतंच. नागपुरात ते साधारण 44 मायक्रोटेस्ला भरतं आणि त्याचा मोठा भाग आडवा, उत्तरेकडे असतो.

बहुतेक जण एकूण आकडा घेतात आणि त्यातून 44 वजा करतात. क्षेत्राला दिशा असते, अशी वजाबाकी चालत नाही. समजा 20 सेंटिमीटरवर चुंबक पूर्वेकडून 9.4 मायक्रोटेस्ला देतोय आणि पृथ्वी उत्तरेकडे 44. दोन्ही काटकोनात, त्यामुळे एकूण येतं 45.0. वजाबाकी करणारा वहीत 1.0 लिहील. खरा आकडा 9.4! मग वहीत क्षेत्र अचानक नाहीसं झाल्यासारखं दिसतं आणि सेन्सर खराब आहे असं म्हणून प्रयोग सोडून दिला जातो.

उपाय सोपा आहे. मोबाइलची वरची कड उत्तरेकडे करा. x पूर्वेकडे जाईल. पृथ्वीच्या क्षेत्राला पूर्व-पश्चिम भाग जवळपास नसतोच, म्हणून x शून्याजवळ येईल. मोबाइल किंचित फिरवून x शक्य तितका शून्याकडे आणा आणि कागदासकट सेलोटेपने चिकटवून टाका. पूर्ण शून्य झाला नाही तरी चालेल, टप्पा 5 मध्ये तो आपोआप वजा होतो. यापुढे फक्त x वाचायचा.

सावधान: मोबाइल इंग्रजी आठच्या आकारात हवेत फिरवून कॅलिब्रेशन करायचं असेल तर ते आत्ताच, सगळ्याच्या आधी. मध्येच केलंत तर आधीची रीडिंग बाद. अ‍ॅपमध्ये कॅलिब्रेशन बंद ठेवायची सोय दिसली तर बंदच ठेवा, कारण जोरदार चुंबक जवळ आला की काही मोबाइल स्वतःहून शून्य सरकवतात.

टप्पा 5: रीडिंग घ्या, प्रत्येक अंतरावर दोनदा

सेन्सरच्या खुणेतून पूर्वेकडे एक सरळ रेषा ओढा. तिच्यावर 10, 12, 14, 16, 20 आणि 25 सेंटिमीटरच्या खुणा करा.

चकती खोडरबराच्या तोंडाला सेलोटेपने अशी लावा की ती कडेवर उभी राहील आणि तिचं सपाट तोंड मोबाइलकडे असेल. 10 मिलिमीटरची चकती उभी केली की तिचा मध्य स्टुलापासून 5 मिलिमीटर वर येतो, आणि मोबाइल सात-आठ मिलिमीटर जाडीचा असतो. म्हणजे उंची जवळपास जुळूनच येते. चकती आडवी ठेवू नका. आडव्या चकतीचं क्षेत्र सेन्सरपाशी वर-खाली जातं, x मध्ये काहीच दिसत नाही.

आता प्रत्येक खुणेवर:

1. चुंबकाचं एक तोंड मोबाइलकडे करून ठेवा, हात मागे घ्या, पाच सेकंद थांबा, x लिहा. हातात घड्याळ किंवा लोखंडी कडं असेल तर आधीच काढून ठेवा.

2. खोडरबर अर्धा फेरा फिरवून दुसरं तोंड मोबाइलकडे करा. चकतीचा मध्य पुन्हा त्याच खुणेवर आणा, खोडरबराचा नाही. x लिहा.

3. दोन आकड्यांच्या फरकाचं निम्मं, ते चुंबकाचं क्षेत्र. दोघांची सरासरी, ती पार्श्वभूमी.

उदाहरण: 16 सेंटिमीटरवर एका तोंडाने +21.5 आलं, दुसऱ्याने −15.1. फरक 36.6, निम्मं 18.3. सरासरी 3.2. पृथ्वी, टेबलातला एखादा खिळा, मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरचं क्षेत्र, हे सगळं त्या 3.2 मध्ये जाऊन बसलं आणि 18.3 स्वच्छ निघालं. या उलटवण्याच्या युक्तीवर माझा फार भरवसा आहे. दहा मिनिटं जास्त लागतात, पण वाद संपतो.

तपासा, दोन गोष्टी. पहिली: पार्श्वभूमीचा आकडा सगळ्या अंतरांवर जवळपास सारखाच आला पाहिजे. तो 3.2 वरून 9 वर गेला तर मोबाइलने मध्येच शून्य हलवला आहे, पुन्हा सुरुवात करा. दुसरी: चुंबक पुढे-मागे केल्यावर y आणि z फारसे बदलता कामा नयेत. ते ठळक बदलत असतील तर चकती तिरकी बसली आहे किंवा रेषेवरून घसरली आहे.

25 सेंटिमीटरच्या पुढे जाण्याचा मोह टाळा. तिथे क्षेत्र पाचच्या खाली जातं आणि मोबाइलचा आकडा स्वतःच अर्ध्या-एक मायक्रोटेस्लाने थरथरत असतो.

टप्पा 6: आकडे बोलतात का ते पाहा

वर सांगितलेल्या मापाच्या चांगल्या चकतीसाठी गणिताने साधारण हे आकडे येतात:

10 सेंमी: 75
12 सेंमी: 43.4
14 सेंमी: 27.3
16 सेंमी: 18.3
20 सेंमी: 9.4
25 सेंमी: 4.8

तुमची चकती कमी-जास्त जोराची असेल तर सगळे आकडे एकाच पटीत बदलतील. पहिला आकडा 75 आलाच पाहिजे असं नाही. 10 चा आणि 20 चा भागाकार आठच्या जवळ यायला हवा, एवढं पाहा.

वहीत तीन स्तंभ आखा: क्षेत्र गुणिले अंतर, क्षेत्र गुणिले अंतराचा वर्ग, क्षेत्र गुणिले अंतराचा घन. जो स्तंभ वरपासून खालपर्यंत सारखा राहील तो तुमचा नियम. वरच्या आकड्यांत घनाचा स्तंभ सगळीकडे 75,000 च्या आसपास राहतो आणि वर्गाचा स्तंभ 7,500 वरून 3,000 वर घसरतो. लॉग-लॉग आलेखकागद मिळाला तर उत्तमच, चढ उणे 3 येईल. पण हे तीन स्तंभ दहावीच्या पोरालाही कळतात, म्हणून मी तेच सुचवतो.

घात 3 ऐवजी 2.5 आला तर? तुमची अंतरं खऱ्यापेक्षा कमी मोजली गेली आहेत, शून्य सेन्सरच्या अलीकडे, चुंबकाच्या बाजूला आहे. 3.5 आला तर उलट. फक्त लांबचे आकडे बिघडले असतील तर पार्श्वभूमी तपासा. फक्त जवळचे बिघडले असतील तर चुंबक मोठा आहे.

एक विनंती मनापासून करतो. घात 2.6 आला तर 2.6 च लिहा आणि कारण शोधा. 3 यावा म्हणून आकडे सरकवू नका, आणि 2 येतो म्हणून खूश होऊ नका.

टप्पा 7: तारेचं क्षेत्र, त्याच मोबाइलने

आधी एक गैरसमज दूर करतो. घरातल्या विजेचं क्षेत्र सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होतं. मोबाइलचा सेन्सर त्यासाठी बनवलेला नाही, त्यामुळे मिक्सर किंवा मीटरच्या पेटीजवळ मोबाइल धरून मिळालेल्या आकड्याला अर्थ नाही. हा प्रयोग बॅटरीवरच करायचा. 230 व्होल्टच्या तारेला हातही लावू नका.

दुचाकीची चार्ज केलेली 12 व्होल्टची बॅटरी, गाडीच्या हेडलाइटचा 55 वॅटचा हॅलोजन बल्ब, 10 अँपिअरचा फ्यूज, आणि एकपदरी वायर. प्रवाह साधारण साडेचार अँपिअर मिळतो. बल्ब काही सेकंदांत भाजण्याइतका तापतो, तो पुठ्ठ्यावर ठेवू नका.

तार निदान 2 मीटर सरळ, उभी ताणा. लाकडी चौकट चांगली, लोखंडी नको. परतीची तार त्याच उभ्या पातळीत एक मीटर लांबून न्या आणि मोबाइल त्या पातळीच्या बरोबर काटकोनात बाहेर सरकवत न्या. या मांडणीत परतीच्या तारेचा अडथळा 20 सेंटिमीटरवरही चारेक टक्केच राहतो. मोबाइल बाजूला, परतीच्या तारेच्या पातळीतच सरकवलात तर तोच अडथळा चौपटीवर जातो. बॅटरी दीड मीटर दूर ठेवा.

मोबाइल आडवा धरून, तारेपासून सेन्सरकडे येणाऱ्या रेषेला काटकोनात असलेला आडवा आकडा वाचा. इथे उलटवायचं ते चुंबक नाही, बॅटरीची टोकं. फरकाचं निम्मं घ्या. 5 सेंटिमीटरवर 18, 10 वर 9, 15 वर 6 मायक्रोटेस्लाच्या आसपास यायला हवेत. क्षेत्र गुणिले अंतर, हा पहिला स्तंभ आता सारखा राहील. हे पाहिल्यावर पोरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मला आवडतो: मोबाइल तोच, नियम वेगळा.

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे दोनपदरी वायर वापरणं. जाणारा आणि येणारा प्रवाह शेजारी-शेजारी असला की आकडा जेमतेम हलतो.

टप्पा 8: विद्युत क्षेत्रासाठी थर्माकोलच्या दोन गोळ्या

मोबाइलला विद्युत क्षेत्र कळत नाही. इथे बळावरून अंदाज घ्यायचा. एक सेंटिमीटरच्या दोन थर्माकोल गोळ्यांना अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. एक गोळी बारीक तंगुसाने, इंग्रजी व्हीच्या आकारात दोन बिंदूंवरून टांगा, म्हणजे ती एकाच पातळीत झुलेल. सुती दोरा नको, त्यातून प्रभार गळतो. लांबी 60 सेंटिमीटर किंवा जास्त. दुसरी गोळी प्लास्टिकच्या नळीच्या टोकाला. लोकरीने घासलेल्या पीव्हीसी पाइपने दोन्ही गोळ्यांना प्रभार द्या आणि एकीला दुसरीच्या जवळ आणा. टांगलेली गोळी जितकी सरकेल तितकं बळ. मागे आलेखकागद लावून सरकणं वाचा.

अंतर म्हणजे दोन गोळ्यांच्या मध्यांमधलं, आणि तेही सरकल्यानंतरचं. गोळी आधी जिथे टांगली होती तिथपासून मोजणं ही इथली शून्याची चूक. सरकणं गुणिले अंतराचा वर्ग सारखा आला पाहिजे. गोळ्या दोन सेंटिमीटरच्या आत आणू नका, तिथे प्रभार गोळीवर एका बाजूला गोळा होतो.

आता ऋतूचं. नागपुरात हा प्रयोग हिवाळ्यात किंवा एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी छान होतो. पावसाळ्यात करू नका, मिनिटभरात प्रभार हवेत विरतो. पण मे महिन्यात फसतो तो कूलरमुळे. ओल्या वाळ्यातून आलेली हवा खोली दमट करते आणि गोळीही हलवते. तासभर आधी कूलर आणि पंखा बंद करा, घाम सहन करा. एवढं करूनही प्रभार थोडा गळतोच, म्हणून जवळून दूर आणि पुन्हा दूरून जवळ अशी रीडिंग घेऊन सरासरी काढा.

टप्पा 9: डीपी आणि उच्चदाब वाहिनीबद्दल विचारणाऱ्यांसाठी

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांमुळे शहराच्या उत्तरेला उच्चदाबाच्या वाहिन्या भरपूर, आणि घर घेताना "तारेपासून किती लांब असावं" असं लोक विचारतात. मोजायचं असेल तर 50 हर्ट्झ मोजणारा ईएमएफ (विद्युतचुंबकीय क्षेत्र) मीटर लागतो. एकाच अक्षाचा असेल तर प्रत्येक ठिकाणी तो फिरवून सर्वांत मोठा आकडा घ्यावा. सामान्य नागरिकांसाठी आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग-संरक्षण आयोगाने 2010 मध्ये दिलेली संदर्भ पातळी 50 हर्ट्झला 200 मायक्रोटेस्ला आणि मीटरला 5 किलोव्होल्ट आहे. डीपीच्या कुंपणाच्या आत किंवा टॉवरवर कुणीही जाऊ नये. मोजणी रस्त्यावरून आणि आपल्या गच्चीवरूनच करायची.

इथेही शून्य चुकतो. लोक टॉवरच्या पायापासून पावलं मोजतात. अंतर तारेपासून हवं, आणि तार डोक्यावर आहे. तार 12 मीटर उंचीवर असेल आणि तुम्ही बरोबर तिच्याखालून 12 मीटर बाजूला गेलात, तर तारेपासूनचं अंतर 12 वरून फक्त 17 मीटर होतं. तीन फेजच्या वाहिनीचं चुंबकीय क्षेत्र साधारण वर्गाने घटतं, म्हणजे ते निम्मं झालं. 24 मीटर बाजूला गेल्यावर अंतर सुमारे 27 मीटर आणि क्षेत्र एक पंचमांश.

विद्युत क्षेत्र झाडं आणि भिंती बरंच अडवतात, चुंबकीय क्षेत्र भिंतीतून तसंच आत येतं. त्यामुळे घरात एकाचा आकडा कमी आला म्हणून दुसऱ्याचाही कमी असेल असं धरू नका. दोन दिवसांची रीडिंग ताडून पाहायची असतील तर वेळ, तापमान आणि जागा तिन्ही लिहा. मे महिन्याच्या दुपारी तारा तापून जास्त झोळतात, प्रवाहही वाढलेला असतो. दोन टॉवरच्या मधोमध तार सर्वांत खाली असते, म्हणून टॉवरपाशी उभं राहून घेतलेला आकडा आणि मधल्या शेतातला आकडा एकाच स्तंभात लिहू नका.